टकटक करणारी जुनी हार्डडिस्क : आधी बटण बंद, मग बाकीचं

दिवाळी झाली, कापूस घरात आला की माझ्याकडे जुने कॉम्प्युटर यायला लागतात. यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या आमच्या पट्ट्यात भाव वाढेपर्यंत कापूस घरातच रचून ठेवतात, आणि बऱ्याच घरांत कॉम्प्युटरची खोलीही तीच असते. रुईचे तंतू पंख्यात जाऊन बसतात. त्याच दिवसांत गहू-हरभऱ्याचं ओलित सुरू होतं, रात्री मोटारी लागल्या की गावातले दिवे पिवळे पडतात. वीस वर्षांच्या डिस्कला यापेक्षा वाईट दिवस फक्त मे महिन्यातले.

मागच्या हंगामात शेजारच्या काकाजींचा फोन आला. "भाऊ, डब्बा टकटक करून राहिला. निळा पडदा येते अन् बंद पडते. तीनदा चालू करून पाह्यला."

"आता चालू आहे?"

"हो, चौथ्यांदा लावला."

"काकाजी, भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद करा. मी येतोच."

डब्बा २००३चा असेंबल केलेला पेंटियम ४, चाळीस जीबीची आयडीई डिस्क, विंडोज एक्स्पी. त्यात शेतीचे हिशोब, गावातल्या अर्ध्या लग्नांच्या पत्रिका, आणि काकूंनी सांगितलेली, काकाजींनी पेजमेकर या छपाईच्या सॉफ्टवेअरात टाइप केलेली भुलाबाईची गाणी. काकू आता नाहीत. गाण्यांची दुसरी प्रत कुठेच नाही. पुढचं सगळं त्या डब्ब्यावर जे केलं त्याच क्रमाने लिहितो. तुमची डिस्क चाळीस पिनांच्या चपट्या केबलची, म्हणजे आयडीई, असेल तर जवळपास सगळं लागू पडेल.

बटण बंद का करायचं

डिस्कच्या आत तबकडी फिरते आणि तिच्यावरून वाचणारं डोकं, म्हणजे हेड, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. हे अंतर इतकं कमी की धुराचा कणसुद्धा त्यापुढे डोंगर. हेड दुखावलं असेल तर डिस्क चालू राहील तितका वेळ ते तबकडी खरवडू शकतं. खरवडलेली जागा परत येत नाही. म्हणून "अजून एकदा लावून पाहू" हे सगळ्यात महागडं वाक्य.

यात एक आपल्याकडचा सापळा आहे. लाइट गेली की कॉम्प्युटर नीट बंद होत नाही, आणि पुढच्या वेळी चालू करताना विंडोज ९८ स्वतःहून स्कॅनडिस्क सुरू करतं, एक्स्पी चेकडिस्क. दोन्ही डिस्क तपासून दुरुस्त करणारे प्रोग्राम. एक्स्पीत दहा सेकंदांची उलटी मोजणी दिसते. तेवढ्यात कोणतीही कळ दाबली की ते टळतं. स्कॅनडिस्क रद्द करता येतं. निरोगी डिस्कला हे औषध आहे. मरणाऱ्या डिस्कला तेच विष, कारण ते सगळ्या डिस्कभर हेड पळवतं आणि वर लिहूनही ठेवतं. तुटक्या फायलींचे तुकडे करून नव्या नावाने ठेवायची त्याला भारी हौस.

आधी कान लावा

बंद केलेला डब्बा मी फक्त एकदाच, मुद्दाम, आवाज ऐकायला चालू करतो. पाच-सात सेकंद. पंख्यांच्या आवाजात डिस्कचा आवाज हरवतो, म्हणून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कच्या कडेला टेकवून मूठ कानाला लावायची. जुने मेकॅनिक इंजिन असंच ऐकतात.

एकसारखी "टक्, टक्, टक्" आणि मग फिरणं थांबलं, तर हेडला आपली जागा सापडत नाहीये. नुसता बारीक "कूं... कूं..." असा अडखळता आवाज आला आणि फिरणंच सुरू झालं नाही, तर मोटर अडकली किंवा हेड तबकडीला चिकटलं. फिरते, आवाज साफ आहे, पण मधेच थबकते आणि कॉम्प्युटर गोठतो, तर बहुतेक काही सेक्टर, म्हणजे तबकडीवरचे माहितीचे छोटे कप्पे, खराब झालेत. आपल्या हातून होण्यासारखं काम इथेच जास्त. नुसती शिट्टीसारखी किरकिर असेल तर बेअरिंग घासलंय, पण अशी डिस्क महिनोन्‌महिने चाललेली मी पाहिली आहे. आणि काहीच आवाज नाही, तर डिस्कला करंटच पोचत नसेल.

पण थांबा. काकाजींची टकटक मी ऐकली आणि लगेच डिस्कला दोष दिला नाही. हीच टकटक कमी व्होल्टेजनेही होते.

डिस्कच्या बाहेरचं आधी तपासा

माझ्या अनुभवात "डिस्क गेली" म्हणून आलेल्या डब्ब्यांपैकी बऱ्याचशांत डिस्क धडधाकट असते. तालुक्याच्या एका दुकानात माझीच एक डिस्क "क्रॅश झाली" म्हणून मला न विचारता फॉरमॅट करून दिली होती. घरी आणल्यावर कळलं, केबल सैल होती. ते दुःख अजून आहे.

मल्टीमीटर हवा, शंभर-दोनशेचा साधाही चालेल. डीसी २० व्होल्टवर ठेवा. डिस्कला जाणाऱ्या चार तारांच्या पांढऱ्या कनेक्टरसारखाच दुसरा मोकळा कनेक्टर एसएमपीएसमधून (डब्ब्याला करंट देणाऱ्या पेटीतून) लोंबत असतो, तो घ्या. काळी पिन काळ्या तारेला, लाल पिन आधी पिवळ्या तारेला: १२ व्होल्ट यायला हवेत. मग लाल तारेला: ५ व्होल्ट. पाच टक्क्यांची सूट धरतात, म्हणजे ११.४ ते १२.६ आणि ४.७५ ते ५.२५. डिस्क फिरायला सुरुवात होते त्या क्षणी आकड्याकडे पाहा, कारण तेव्हा ती १२ व्होल्टवर दोन अँपिअरच्या आसपास ओढते. काकाजींच्या डब्ब्यात पिवळी तार ११.९ वरून १०.८ वर यायची आणि टकटक सुरू व्हायची.

हे मोजमाप दुपारी एकदा आणि रात्री मोटारी चालू असताना एकदा घ्या. सोबत भिंतीच्या सॉकेटचा एसी व्होल्टेजही बघा. मीटर एसी ७५० वर आणि बोटं पिनांपासून लांब. २३० च्या जागी रात्री १७० दिसलं तर एसएमपीएसच्या मानेवर पाय आहे, डिस्कला बोल लावू नका. जुन्या एसएमपीएसच्या मागे लाल खटका असतो, ११५ आणि २३०. कुणी सांगेल, "व्होल्टेज कमी आहे ना, मग ११५ वर टाक." चुकूनही नको. पहाटे मोटारी बंद झाल्या, व्होल्टेज वर चढलं की मोठा आवाज होईल आणि खोलीत जळका वास भरेल.

एसएमपीएस उघडायचा असेल तर आधी वायर काढून निदान अर्धा तास थांबा, आतल्या मोठ्या कपॅसिटरात धक्का साठलेला असतो. खरं तर उघडूच नका, बदला. मदरबोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे उभ्या नळकांड्यांसारखे छोटे भाग, मात्र नुसत्या डोळ्यांनी पाहा: डोकं सपाट हवं. २००० नंतरच्या काही वर्षांत खराब कपॅसिटरचे बोर्ड जगभर विकले गेले. डोकं फुगलं असेल किंवा तपकिरी घाण बाहेर आली असेल तर दोष तिथेही असू शकतो.

कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, हे आपल्याकडे घरोघरी आहे. एसएमपीएसच्या आत आवाज गाळणारे छोटे कपॅसिटर असतात, त्यांचं दुसरं टोक अर्थिंगला जायला हवं. तिसऱ्या भोकात अर्थिंगच नसेल तर पत्र्यावर निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. डिस्कच्या कामात हात घालण्याआधी वायर भिंतीतून काढाच. अर्थिंगचा खड्डा घराबाहेर असेल तर उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत जा.

आता केबल. चपटी केबल दोन्ही टोकांनी काढून पुन्हा नीट बसवा. निळं टोक मदरबोर्डाला, काळं मास्टर म्हणजे पहिल्या डिस्कला, करडं स्लेव्ह म्हणजे त्याच केबलवरच्या दुसऱ्या डिस्कला. हे ८० तारांच्या केबलचे रंग. केबल घडी पडलेली किंवा उंदराने कुरतडलेली असेल तर दुसरी लावा. डिस्कमागचा जंपर, म्हणजे डिस्क मास्टर की स्लेव्ह ते ठरवणारी पिनांवरची छोटी टोपी, हीही पाहा. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच डिस्कवर "एकटी" आणि "मास्टर, सोबत स्लेव्ह" अशा दोन वेगळ्या जागा असतात, आणि एकटी असताना मास्टरवर ठेवली तर काही बोर्डांना ती दिसत नाही.

बोर्डावरची नाण्यासारखी बॅटरी, २०३२ नंबरची, मीटरवर ३ व्होल्टच्या आसपास हवी. ती उतरली की तारीख मागे जाते, बायोस (विंडोजच्याही आधी चालणारा बोर्डावरचा प्रोग्राम) सगळं विसरतो आणि प्रायमरी मास्टरपुढे "नन" येतं. बॅटरी बदलून बायोसमध्ये डिस्क "ऑटो"वर ठेवली की ती पुन्हा दिसते. चहा-नाश्त्याच्या खर्चात.

आणखी एक. एक्स्पी डब्बा फारच मंद झाला, गाणं अडखळतं, माउस हलत नाही, पण डिस्कचा आवाज साफ आहे? एक्स्पीला डिस्ककडून सहा वेळा चुका मिळाल्या की ती वेगवान डीएमए पद्धत सोडून रडतखडत पीआयओवर उतरते आणि स्वतःहून परत येत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये प्रायमरी आयडीई चॅनेलच्या अॅडव्हान्स्ड टॅबवर "पीआयओ" दिसलं तर तो चॅनेल अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट करा. चुका केबलमुळे झाल्या असतील तर केबल बदलूनच.

काकाजींकडे दुसरा एसएमपीएस लावला. टकटक थांबली. विंडोज सुरू झालं, आणि एका फोल्डरवर येऊन गोठलं. म्हणजे आजार दोन होते. कमी करंटवर महिनोन्‌महिने धडपडल्याने डिस्कही दुखावली होती.

डिस्क बाहेर काढा

आता जुन्या डब्ब्याचं काम संपलं. डिस्क काढून आयडीई-टू-यूएसबी अडॅप्टरवर लावायची आणि चांगल्या लॅपटॉपला जोडायची. अडॅप्टर नागपूर-अमरावतीला किंवा ऑनलाइन मिळतो. साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अडॅप्टरचा करंट लागतो. सोबत आलेली करंटची वीट फारच हलकी वाटली तर तिच्यावर विसंबू नका, चांगल्या एसएमपीएसमधून करंट द्या. जंपर मास्टरवर. डिस्क लाकडी पाटावर आडवी, हिरवा बोर्ड खाली. पत्र्यावर किंवा स्टीलच्या ताटात नाही. शेजारी टेबलफॅन. फिरती डिस्क उचलायची नाही, तिरपी करायची नाही. पोरं आणि मांजर खोलीबाहेर.

दिसतच नसेल तर एक जुना उपाय करून पाहा. डिस्कखालचा हिरवा बोर्ड सहा पाकळ्यांच्या टॉर्क्स स्क्रूंनी बसवलेला असतो. स्क्रू काढून बोर्ड उचला. उलट्या बाजूला हेड आणि मोटरच्या जोडणीचे चपटे ठिपके दिसतील. पावसाळे खाऊन ते काळे पडतात. शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने हलके घासा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, बोर्ड परत बसवा. यवतमाळच्या एका डिस्कवर मी हे केलं आणि ती उठून बसली.

झाकण मात्र उघडायचं नाही. ज्या भोकावर "झाकू नये" असं लिहिलेलं असतं ते डिस्कचं श्वासाचं छिद्र आहे, त्यावर टेप लावू नका. फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्ला अजून फिरतो. आपल्या हवेत बाहेर काढल्याबरोबर तबकडीवर दव धरतं. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कचा बोर्ड काढून लावणंही साधारण २००० नंतरच्या डिस्कवर क्वचितच जमतं, कारण त्या एकाच डिस्कचं मोजमाप तिच्या बोर्डावरच्या चिपमध्ये असतं.

चांगल्या करंटवरही टकटक चालूच असेल तर इथेच थांबा. आतला ऐवज हजारो रुपयांच्या मोलाचा असेल तर मोठ्या शहरातल्या डेटा रिकव्हरी लॅबकडे द्या, आणि आपण काय-काय केलं ते खरंखरं सांगा.

पूर्ण प्रत, एका दमात नाही

लॅपटॉप विंडोजवर असेल तर डिस्क लावल्याबरोबर ते विचारेल, "फॉरमॅट करायची का?" नाही. मी विंडोज वापरतच नाही. पेनड्राइव्हवर सिस्टिमरेस्क्यू नावाचं लिनक्स घेऊन त्यावरून लॅपटॉप सुरू करतो. ते डिस्कला स्वतःहून हात लावत नाही आणि लागणारी दोन्ही हत्यारं त्यात आधीच आहेत.

पहिलं स्मार्टसीटीएल. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती हे दाखवतं. चार ओळी बघा: ०५ म्हणजे खराब म्हणून बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने संशयात अडकलेले, १९८ म्हणजे तपासणीत वाया गेलेले, आणि १९९ म्हणजे केबलवरच्या चुका. शेवटच्या रकान्यातला कच्चा आकडा महत्त्वाचा. १९९ मोठा आणि बाकी शून्य, तर केबल. काकाजींकडे १९७ समोर ३१२ होते. काही अडॅप्टर ही माहिती पोचवत नाहीत. मग सोडून द्या.

दुसरं जीएनयू डीडीरेस्क्यू, आणि खरं काम याचं. आपण फायली कॉपी करत नाही, सगळ्या डिस्कची सेक्टर-सेक्टर प्रत एका फाइलमध्ये काढतो. फायली कॉपी करताना विंडोज एका खराब जागी अडून बसतं आणि तीच जागा पुन्हापुन्हा वाचून हेड झिजवतं. डीडीरेस्क्यू अडलेली जागा सोडून पुढे जातं, आधी सोपं सगळं उचलतं आणि अवघड शेवटी.

प्रत ठेवायला एक्स्टर्नल डिस्क घ्या, जुन्या डिस्कपेक्षा जास्त मोकळी जागा असलेली. ती फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि प्रत चाळीस जीबीची होणार. एनटीएफएस चालेल. दोन्ही जोडल्यावर एलएसबीएलके ही आज्ञा द्या आणि आकारावरून ओळखा कोणती कोणती. इथे घाई केली तर संपलं. कागदावर लिहून ठेवा.

आज्ञा फोनवर सांगतो तशी सांगतो. डीडीरेस्क्यू, जागा, डॅश डी, जागा, डॅश एन, जागा, स्लॅश डेव्ह स्लॅश एसडीबी (तुमच्याकडे जे अक्षर असेल ते, फक्त शेवटी आकडा नको), जागा, प्रतीच्या फाइलचं नाव, जागा, मॅप फाइलचं नाव. दोन्ही फायली एक्स्टर्नल डिस्कवर. सगळी अक्षरं इंग्रजी, लहान लिपीत. पहिलं नाव जुन्या डिस्कचं, दुसरं प्रतीचं.

मॅप फाइल हे आपल्यासाठीच केल्यासारखं आहे. कुठपर्यंत वाचलं, काय राहिलं, हे त्यात लिहिलं जातं. मधे लाइट गेली, डिस्क तापली, कोणी वायर ओढली, तरी तीच आज्ञा पुन्हा दिली की काम राहिलं तिथून पुढे. ती फाइल पुसली तर सगळं पहिल्यापासून. इन्व्हर्टर असेल तर त्याच्या लाइनवर लावा, आणि मेमध्ये हे काम पहाटे करा. अशा बऱ्याच डिस्कची कामाची हद्द ५५ ते ६० अंशांची, आणि आपल्या खोलीतली हवाच बेचाळीसवर असते.

निरोगी चाळीस जीबी अर्ध्या तासात होतात. काकाजींची पहिली फेरी दीड तासात ९९ टक्क्यांवर आली. मग डिस्क बंद करून तासभर थंड होऊ दिली आणि दुसरी फेरी दिली: डॅश एनच्या जागी डॅश आर आणि त्याला चिकटून ३, म्हणजे अवघड जागी तीन प्रयत्न. त्याला रात्र लागली. सकाळी शेवटच्या ओळीत राहिलेला आकडा होता ६१ केबी. टकटक पुन्हा सुरू झाली असती तर मी ही फेरी तिथेच सोडली असती.

फायली, आणि फॉन्ट

प्रतीची आणखी एक प्रत करा आणि पुढचं सगळं तिच्यावर. जुनी डिस्क आता कपाटात. सेव्हन-झिप हे फुकटचं सॉफ्टवेअर विंडोजवर अशी प्रत सरळ उघडतं; पार्टिशन (सी, डी असे डिस्कचे भाग) दिसतात, त्यातून फोल्डर ओढून काढता येतात. पार्टिशनच दिसली नाहीत तर ती शोधणारं टेस्टडिस्क, आणि तेही जमलं नाही तर सुट्या फायली वेचणारं फोटोरेक. पण फोटोरेकमध्ये फायलींची नावं जातात, पत्रिकांची रास निवडत बसावं लागतं.

आता ती चूक, जी मराठी माणूस हमखास करतो. फक्त "माय डॉक्युमेंट्स" काढून घेतो आणि बाकीचं पुसून टाकतो. युनिकोड घरोघरी येण्याआधी आपण श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव, शिवाजी यांत टाइप करायचो. त्या फायलींत मराठी अक्षरं नसतातच. रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले आकार असतात. तो फॉन्ट नसेल तर नुसती गिचमिड. म्हणून विंडोज फोल्डरातलं फॉन्ट्स फोल्डर पूर्ण काढा, टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं फोल्डरही. अशा काही पॅकेजांना प्रिंटरच्या पोर्टवर डाँगल, म्हणजे कुलपाच्या किल्लीसारखा छोटा तुकडा, लागायचा. तो डब्ब्यामागे अजून खोचलेला असतो, भंगारात देऊ नका. आणि पूर्ण डिस्कची प्रत जपून ठेवा, कारण कोणत्या फोल्डरात काय लागेल ते आज सांगता येत नाही.

युनिकोडमध्ये बदलणारी कन्व्हर्टर मिळतात. बदलून झाल्यावर पहिली वेलांटी आणि रफार डोळ्यांनी तपासा. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. तिथेच गोंधळ होतो.

डब्बा पुन्हा चालता करायचा तर

नवी आयडीई डिस्क शोधू नका. जुन्या मालात मिळेल ती तितकीच म्हातारी असेल. आयडीई-टू-साटा कन्व्हर्टर आणि १२० जीबीचा एसएसडी (तबकडी नसलेली नवी डिस्क) घ्या. त्याहून मोठा नको, कारण बरेच जुने बायोस आणि सर्व्हिस पॅक (नंतर आलेल्या दुरुस्त्या) न टाकलेली एक्स्पी १३७ जीबीच्या पुढे बघत नाही. विंडोज ९८ च्या लहान डब्ब्याला काँपॅक्ट फ्लॅश कार्डही चालतं, त्याची भाषा आयडीईचीच आहे. प्रत त्यावर डीडीरेस्क्यूनेच उलट दिशेने लिहा. या वेळी ते डॅश एफ मागेल, म्हणजे खरोखर पुसून लिहायचं आहे ना, असं विचारतंय. पुन्हा एकदा अक्षर तपासा. त्यानंतर नव्या डिस्कवर चेकडिस्क खुशाल चालवा.

एसएमपीएस नवा, स्टॅबिलायझर, पंखे ब्रशने साफ, आणि कापसाच्या दिवसांत डब्बा दुसऱ्या खोलीत. काकाजींनी तो देवघराच्या शेजारी नेला.

वाया गेलेले ६१ केबी कशात होते म्हणाल तर एका लग्नपत्रिकेच्या चित्रात आणि एक्स्पीच्या दोन फायलींत. गाण्यांची फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा सगळी गिचमिड होती. फॉन्ट टाकला, पुन्हा उघडली. काकाजी खुर्ची ओढून जवळ बसले, चश्मा पुसला, आणि तिसऱ्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे चुकलं. ती असं नव्हती म्हणत."